डाळ पटकन शिजते म्हणून बोअरचं पाणी चांगलं असं नसतं

भाऊ, तुमचं म्हणणं थोडक्यात असं की किनवटकडे शेतातल्या घरापाशी २८० फुटांवर बोअरला पाणी लागलं, चवीला गोड आहे, टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार मोजणारा) लिटरला ४१० मिलिग्रॅम दाखवतोय, डाळ दोन शिट्ट्यांत मऊ होते, मग लॅबमध्ये पैसे कशाला घालायचे. हे वाचूनच मी लिहायला बसलो, कारण अगदी असंच बोलून आम्ही सात वर्षं काढली.

आमची जुनी विहीर ४० फुटांची, पाणी जड, भांड्यांना पांढरा थर, डाळ शिजायची नाही म्हणून आई चिमूटभर सोडा टाकायची. बोअर मारला नि घरात सगळे खूश. पुतण्या तेव्हा वर्षाचा होता. त्याचे समोरचे पक्के दात आले तर त्यावर खडूसारखे पांढरे पट्टे, मग ते पिवळे-तपकिरी व्हायला लागले, आम्ही आपलं घास बाबा नीट घास म्हणून पोराच्याच मागे. दातांच्या डॉक्टरांनी तोंड बघून पहिला प्रश्न केला, पाणी कुठलं पिता? दातांवर असे डाग पाडतं ते पाण्यातलं जास्तीचं फ्लोराइड. तपासलं तर बोअरला ते लिटरला ३.१ मिलिग्रॅम आणि ज्या विहिरीला आम्ही नावं ठेवायचो तिला ०.७.

कारण कळल्यावर डोकं जाग्यावर आलं. आपल्या भागात खाली ग्रॅनाइट-नाइस जातीचा खडक आहे, त्यातल्या खनिजांतून फ्लोराइड पाण्यात उतरतं, खोल पाणी खडकात जास्त काळ राहतं म्हणून त्यात जास्त. आता गंमत बघा, पाण्यात कॅल्शियम भरपूर असलं की ते फ्लोराइडला धरून खाली बसवतं, आणि कॅल्शियम कमी, सोडियम-बायकार्बोनेट जास्त असलं की फ्लोराइड विरघळलेलंच राहतं. म्हणजे जे पाणी हलकं, डाळीला चांगलं, त्याच्यावरच आधी संशय घ्यायचा (जड पाणी म्हणजे सेफ असंही नाही हां). टीडीएस मीटरचं म्हणाल तर ४१० मधले ३ कुठले हे त्याला काय कळणार. फ्लोराइडला रंग नाही, वास नाही, चव नाही.

आमचं अजून एक चुकलं. सुरुवातीला एका खाजगी लॅबचा रिपोर्ट होता, पीएच, टीडीएस, हार्डनेस, क्लोराइड असं पाच-सहा गोष्टींचं आणि खाली शिक्का 'पिण्यास योग्य'. त्यात फ्लोराइड तपासलंच नव्हतं! म्हणून लॅबमध्ये नाव घेऊन सांगा, फ्लोराइड, नायट्रेट, लोह आणि जमलं तर युरेनियम. नायट्रेट खडकातून नाही तर बहुतेक युरिया-शेणखतातून येतं, पण उघड्या विहिरीला ते बघाच, मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. आर्सेनिकची धास्ती मुख्यतः गंगेच्या खोऱ्यात, आपल्याकडे पहिला नंबर फ्लोराइडचा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या लॅब आहेत, तिथे खाजगी बोअरचं पाणीही घेतात, फी जास्त नसते.

नमुना टाकीच्या नळाचा नको. मोटर १०-१५ मिनिटं चालवा, स्वच्छ प्लास्टिकची लिटरची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, काठोकाठ भरा, तारीख नि खोली लिहा. फ्लोराइडसाठी काच नको, ते काचेशी रिॲक्ट होतं. जंतूंची टेस्ट वेगळी, त्याची निर्जंतुक बाटली लॅबच देते आणि ती थंड ठेवून त्याच दिवशी पोचवलेली बरी.

रिपोर्टमध्ये 'मर्यादेत' एवढंच वाचून सोडू नका, आकडा बघा. भारतीय मानकात फ्लोराइडची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. १.४ आला तर कागदावर पास होईल, पण घरात लहान पोरं असतील तर मी तरी ते पाजणार नाही.

जास्त निघालं तर उकळू नका, पाणी उडून फ्लोराइड उलट घट्ट होतं. तुरटी फिरवूनही भागत नाही. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेची नालगोंडा पद्धत आहे, तुरटी आणि चुना मोजून घालायची, पण प्रमाण दर वेळी पाण्यावर ठरतं, घरी रोज कोण करणार. आरओने कमी होतं, मात्र प्यायचं तेवढंच नाही तर वरण-भात-चहाचं पाणीही त्यातलंच घ्या. अंघोळ, धुणंभांडी बोअरवर खुशाल करा.

आम्ही शेवटी जुनी विहीर उपसून गाळ काढला, वरून जाळी टाकली, क्लोरीन घालतो आणि प्यायला तेच वापरतो. तुमच्या शेतात किंवा शेजाऱ्याकडे अशी उथळ विहीर असेल तर तिचीही बाटली भरून सोबत न्या, एकाच चकरेत काम होईल.