'आम्झहाउस'ला धर्मशाळा म्हणू नका

इंग्लंडमधल्या खेड्यांवरच्या लेखाचा अनुवाद करताना चर्चलगतच्या 'आम्झहाउस'ला धर्मशाळा म्हणावे की भिक्षागृह, असा प्रश्न आला आहे. दोन्ही नकोत. आणि 'अल्म्सहाउस' तर नकोच नको, किती वेळा ऐकायचे ते! त्यातला 'ल' मुका आहे.

धर्मशाळेत वाटसरू उतरतो आणि सकाळी वाटेला लागतो. आम्झहाउसात गरीब म्हातारा अखेरपर्यंत राहतो.

खरा आनंद 'आम्झ'मध्ये, म्हणजे गरिबाला दिलेल्या दानाच्या शब्दात आहे. ग्रीक 'एलेओस' म्हणजे करुणा. त्यावरून 'एलेएमोसिने', तिथून लॅटिनमध्ये, मग जुन्या इंग्रजीत 'अ‍ॅल्मेसे', आणि झिजत झिजत उरला 'आम्झ'. गोव्यात राज्य केलेल्या पोर्तुगिजांचा 'एस्मोला' त्याचाच सख्खा भाऊ. म्हणजे शेवटचा 'स' (उच्चारात 'झ') अनेकवचनाचा नाही, मूळ शब्दातलाच आहे. १६११च्या इंग्रजी बायबलात देवळाच्या दारातला पांगळा 'अ‍ॅन आम्झ' मागतो, चक्क एकवचनात. तरी 'हा शब्द अनेकवचनीच' असे ठणकावणारे व्याकरणकार आहेत. रूढी तशी पडली हे मान्य, पण ती कानाच्या फसगतीतून पडली, हे सांगायला नको का? 'रिचेस'चेही (म्हणजे संपत्ती) असेच झाले. मूळ फ्रेंच 'रिशेस' एकवचनीच होते.

माझे तर ठाम मत आहे की दानाचे शब्द असेच घडतात. आधी मनातला भाव, मग हातातले नाणे. 'धर्म कर गं माय' म्हणणाऱ्याला कुठे शास्त्रवचन हवे असते? 'एलेओस'ची करुणा जशी ओंजळीत आली, तसाच आपला धर्म झोळीत आला.

भिक्षागृह का नको, ते ऑक्सफर्डशायरमधल्या यूएल्म गावच्या आम्झहाउसात दिसते. उमराव विल्यम द ला पोल आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस, म्हणजे कवी चॉसरची नात, यांनी १४३७मध्ये तिथे तेरा गरिबांसाठी विटांचा चौसोपी वाडाच उभारला. मधे चौक, भोवती ओसरी. प्रत्येकाला स्वतंत्र खोली आणि धुराड्याची चूल असावी, त्याने तिथे आपले आपण खावे-प्यावे, विसावा घ्यावा, असे नियमावलीतच घातले. वाड्यातून पायऱ्या चढून थेट चर्चच्या पश्चिम दाराशी जाता येते. दात्यांच्या आत्म्यासाठी रोज प्रार्थना करणे हे रहिवाशांचे काम होते. त्यांनी कुणापुढे हात पसरला नाही. त्यांना भिक्षेकरी कसे म्हणायचे?

अनुवादात 'धर्मार्थ घरे' लिहा.