कानाचं मशीन घेण्याआधी
भाऊ, आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडून मळ तपासून घ्या, मग ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं त्याची तपासणी. त्या तपासणीच्या आलेखाशिवाय मशीन घेऊ नका. मी पहिलं जळगावला दुकानातून तसंच उचललं, पैसे पाण्यात!

दोन्ही कानांनी कमी ऐकू येत असेल तर शक्यतो दोन्हींना लावा. ट्रायल मागा, दुकानातल्या बंद खोलीत नाही, भर बाजारात लावून बघा.

पहिल्या दिवशी पंखा, भाकरी थापण्याची थपथप, स्वतःचंच बोलणं डोक्यात घुमेल. वैतागून डबीत टाकू नका, बहुतेक जण इथंच चुकतात. दोन तासांपासून वाढवत न्या, मेंदूला सवय व्हायला काही आठवडे लागतात.

आपल्याकडच्या मे महिन्यात घाम म्हणजे मशीनचा वैरी. रात्री पुसून, सेलचं झाकण उघडून ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवा.

मशीनमधले चॅनल (आवाजाचे वेगवेगळे पट्टे), ब्लूटूथ यांचं नंतर बघू.