‘का’ लिहिलंय का?

प्रिय पोरी,

रविवारी तू मोबाइल पुढे केलास. ‘आर्किटेक्चर’ नावाच्या, म्हणजे सॉफ्टवेअरची रचना शिकायच्या, फोल्डरमध्ये चौसष्ट लिंका, अकरा पीडीएफ आणि विकत घेतलेले दोन कोर्स, तेही अर्धवट. वर विचारलंस, “काका, यातलं आधी काय करू?” तेवढ्यात चहा आला आणि मी विषय बदलला. खरं तर मला राग आला होता, पण तुझ्यावर नाही. फोर्टच्या फुटपाथवरून पुस्तकं आणून असाच ढीग मीही घरात रचला होता. त्यातली निम्मी पहिल्या प्रकरणापुढे गेली नाहीत.

तर आता उत्तर देतो. त्या फोल्डरला एकच चाळणी लाव: ‘का’ लिहिलंय का? चौकोन काढले, बाण काढले, ‘मोठ्या कंपन्या असं करतात’ म्हटलं, म्हणजे डिझाइन शिकवलं असं होत नाही. दुसरं काय करता आलं असतं आणि ते का टाकून दिलं, हे ज्यात नाही ते पुसून टाक. बहुतेक सगळं जाईल. जाऊ दे.

उरेल त्यात संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांचा, प्रोग्रामचे तुकडे कसे पाडावेत यावरचा १९७२ चा निबंध ठेव. थोडी पानं आहेत, पण पेन्सिल घेऊन बस. ओळींमधले शब्द फिरवून त्यांची वर्णानुक्रमे सूची करणारा एक छोटा प्रोग्राम घेऊन ते त्याचे दोन तऱ्हांनी तुकडे पाडतात. पहिली तऱ्हा आपल्याला सहज सुचते तशी: वाचा, फिरवा, क्रम लावा, छापा. दुसरीत, पुढे बदलेल असा एकेक निर्णय एकेका तुकड्याच्या पोटात लपवलेला. चालतात दोन्ही. पण ओळी साठवायची पद्धत उद्या बदलली, तर पहिल्यात प्रत्येक तुकडा उघडावा लागतो, दुसऱ्यात एकच. दोन्ही तऱ्हा स्वतः लिहून बघ, मगच पुढचं पान उलट.

१९९४ चं चौघांनी लिहिलेलं २३ पॅटर्नचं, म्हणजे रचनेतल्या नेहमीच्या अडचणींवरच्या तोडग्यांचं, पुस्तक तुझ्याकडे आहेच. त्यातल्या आकृत्या पाठ करू नकोस. प्रत्येक पॅटर्नमध्ये परिणामांचा भाग असतो, मुलाखतीची तयारी करणारी पोरं नेमका तोच गाळतात. तो आधी वाच. एसक्यूलाइटवाल्यांनी आपलं डेटाबेस कुठे वापरू नये याचंही एक पान लिहून ठेवलंय. एकाच वेळी खूप जणांना लिहायचं असेल तर दुसरं काही बघा, असं ते सरळ सांगतात. बनवणाराच असं बोलतो तेव्हा कान द्यावा.

आता माझं ऐक. एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर मी लिहिलं होतं. रात्री शाखांच्या फाइली मोडेमवरून यायच्या, रखडत. म्हणून मी फाइलचा आकार मिनिटाच्या अंतराने दोनदा बघायचो आणि तो सारखा असेल, म्हणजे फाइल पुरती आली असेल, तरच ती उघडायचो. हे का, ते कुठेच लिहिलं नाही. सहा वर्षांनी वेग वाढवायच्या नादात ‘हे कोणत्या गाढवाने लिहिलं’ म्हणत ते मीच काढलं! सकाळी एका शाखेच्या निम्म्या खात्यांवर व्याज नव्हतं. बोलणी बसली ती आदल्या दिवशी बिल्ड, म्हणजे प्रोग्रामची नवी आवृत्ती, चढवणाऱ्या नव्या मुलाला. मी गप्प बसलो. ठाण्याच्या घराचा हप्ता होता आणि ‘का’ लिहायची पद्धत तेव्हा आमच्यात कुणाचीच नव्हती, कुणी लिहायला वेळही देत नसे. हे सगळं खरं आहे. तरी तो मुलगा महिन्याभरात सोडून गेला, तेही खरंच.

म्हणून हट्टाने सांगतो, ‘का’ लिही. सॉफ्टवेअरवाले मायकेल नायगार्ड यांनी २०११ मध्ये त्याची साधी रीत मांडली: एका निर्णयाला पान-दोन पानं. परिस्थिती काय होती, काय ठरवलं, त्याचे बरे-वाईट परिणाम काय. कॉलेजच्या प्रोजेक्टपासून सुरू कर. ‘सरांनी सांगितलं’ हे कारणही चालेल, पण लिही.

आणि तू रोज डोंबिवलीहून येतेस ना? ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदर ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली, १५०० व्होल्ट डीसीवर. पुढे गाड्या आणि गर्दी वाढली, त्यासाठी लागणारा करंट तारांना झेपेना. २५ हजार व्होल्ट एसी केलं की तेवढ्याच कामाला करंट कमी लागतो आणि सबस्टेशनंही कमी पुरतात. पण लोकल बंद ठेवून बदल करणार कसा? म्हणून दोन्ही विजेवर धावणाऱ्या गाड्या आणल्या आणि तारांमधली वीज टप्प्याटप्प्याने बदलली. हार्बर मार्गाचा शेवटचा तुकडा २०१६ मध्ये झाला. चालत्या सिस्टिमचं स्थलांतर कसं करतात, यावर तू कोर्सचे पैसे भरलेस. मला विचारलं असतंस तर सेकंड क्लासच्या पासात झालं असतं.

पुढच्या रविवारी मोबाइल घरी ठेव. तुझ्या प्रोजेक्टमधला एक निर्णय आणि टाकून दिलेले दोन पर्याय, असा एक कागद घेऊन ये. अक्षर कसंही असू दे. आणि साडेदहाच्या आत पोच, नंतर मेगाब्लॉक आहे.

तुझा,
काका