यलोस्टोनजवळ केबिन घ्यावी, पण कोणत्या बाजूला?

प्रश्न : आम्ही अमेरिकेत राहतो. येत्या जुलैमध्ये माझे आईवडील भारतातून येत असून आम्ही दोघे, आमची सात व अकरा वर्षांची मुले आणि ते, अशा सहा जणांनी यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या पश्चिम दाराजवळ आठवडाभरासाठी एक केबिन घ्यावी, असा विचार आहे. मुलांना उष्ण पाण्याची कारंजी आणि अस्वले पाहायची आहेत. वडिलांना मात्र चढावर धाप लागते. ही केबिन घ्यावी का?

उत्तर : केबिन जरूर घ्यावी, परंतु आठवडाभर एकाच ठिकाणी राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. यलोस्टोन सुमारे 9,000 चौरस किलोमीटर पसरलेले असून आतला मुख्य रस्ता इंग्रजी आठच्या आकड्यासारखा 142 मैल फिरतो. त्यावर वेगाची मर्यादा बहुतेक ठिकाणी ताशी 45 मैल आहे, आणि बायसनचा, म्हणजे अमेरिकेतील रानबैलांचा, कळप रस्त्यावर उतरला की जुलैमध्ये गाड्या तासभरही खोळंबून राहतात. पश्चिम दाराजवळच्या वेस्ट यलोस्टोन गावापासून ओल्ड फेथफुल हे उष्ण पाण्याचे कारंजे अवघे 30 मैल आहे, म्हणून ते गाव सोयीचे वाटते. पण लांडगे आणि अस्वले दिसण्याची आशा जिथे अधिक, ते ईशान्येचे लामार खोरे तिथून सत्तर मैलांच्या पुढे आहे. हे प्राणी पहाटे आणि संध्याकाळी बाहेर पडतात. म्हणजे मुलांना आणि वृद्धांना मध्यरात्रीनंतर उठवून, अंधारात दोनअडीच तास गाडी चालवावी लागेल. उत्तरेच्या गार्डिनर गावातून तेच खोरे साधारण तासाभरावर आहे.

तेव्हा पहिल्या तीनचार रात्री गार्डिनरजवळ आणि उरलेल्या वेस्ट यलोस्टोनला काढाव्यात. हा क्रम मी आपल्या वडिलांसाठी सुचवतो आहे. गार्डिनर समुद्रसपाटीपासून सुमारे 1,600 मीटरवर आहे, वेस्ट यलोस्टोन 2,000 मीटरच्या पुढे, तर उद्यानाचा बराचसा भाग 2,275 मीटरहूनही उंच आहे. आधी कमी उंचीवर झोपून शरीराला विरळ हवेची सवय होऊ दिली, तर पुढचे दिवस त्यांना सुसह्य होतील. निघण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांशी बोलणे टाळू नये. गार्डिनरजवळच, उद्यानातील मॅमथ येथील चुनखडीच्या पायऱ्यापायऱ्यांच्या कुंडांकडे जाणाऱ्या लाकडी वाटांवर जिने पुष्कळ आहेत. तिथे वडिलांना गाडीनेच वरच्या भागातील एकेरी रस्त्यावरून फिरवून आणावे. ओल्ड फेथफुलला मात्र सपाट वाट आहे, बसायला बाके आहेत, आणि पुढच्या उसळीची अंदाजे वेळ माहिती केंद्रात लावलेली असते; ती बहुधा दहा मिनिटे अलीकडे-पलीकडे खरी ठरते.

मुलांच्या बाबतीत मी थोडा आग्रही आहे. उष्ण झऱ्यांभोवतीची जमीन वरून टणक दिसली, तरी तिचा पापुद्रा काही ठिकाणी इतका पातळ असतो की पाऊल आत जाते, आणि खालचे पाणी जवळजवळ उकळते असते. येथे भाजून माणसे दगावलेली आहेत. म्हणून लाकडी वाटेवर धाकट्याचा हात एकदाही सोडू नये. अस्वले आणि लांडगे यांच्यापासून 100 यार्ड, तर बायसन आणि एल्क नावाचे मोठे हरीण यांच्यापासून 25 यार्ड दूर राहणे हा तिथला नियम आहे. जुलैच्या मध्यापासून बायसनचा माजाचा काळ सुरू होतो. नर मान झटकू लागला, खुराने माती उकरू लागला किंवा त्याने शेपूट उभारली, की तो अंगावर येण्याच्या बेतात आहे असे समजून छायाचित्राचा मोह सोडावा आणि मागे सरावे.

खासगी केबिनमध्ये स्वयंपाकघर मिळते, हा एवढ्या कुटुंबासाठी मोठाच आधार आहे. एवढ्या उंचीवर पाणी साधारण 93 अंश सेल्सिअसलाच उकळते, त्यामुळे कडधान्ये शिजायला वेळ लागतो. कुकर सोबत असू द्यावा. उरलेले अन्न, फळांची साले, शेगडीवर सांडलेले तेल यांचा वास अस्वलाला दुरूनही येतो, तेव्हा रात्री व्हरांड्यात किंवा गाडीत खाण्याची एकही वस्तू ठेवू नये आणि कचरा अस्वलाला न उघडणाऱ्या पेटीतच टाकावा. माणसांच्या अन्नाची चटक लागलेल्या अस्वलाला अनेकदा मारावे लागते, हे मुलांनाही सांगावे. ती मग स्वतःहून काळजी घेतात.

उद्यानाच्या आतही केबिन आहेत. रूझवेल्ट भागातील काहींमध्ये लाकडाची शेगडी असते, पण स्नानगृह सामायिक असते. रात्री उठावे लागणाऱ्या वृद्धांसाठी मला ते योग्य वाटत नाही. जुलैतही उंच भागात रात्री पारा गोठणबिंदूखाली जाऊ शकतो, म्हणून आईवडिलांसाठी लोकरीचे कपडे हवेतच. भ्रमणध्वनीची रेंज बऱ्याच भागात नसल्याने नकाशे आधीच उतरवून घ्यावेत. अंगावर येणाऱ्या अस्वलावर मारायचा तिखट मिरचीचा फवारा विमानात नेता येत नाही. तो तिथे पोहोचल्यावर विकत किंवा भाड्याने घ्यावा आणि पायवाटेवर पिशवीच्या तळाशी न ठेवता कमरेला लावावा. दोन्ही केबिनचे आरक्षण मात्र आजच पाहावे, कारण जुलैतील जागा फार आधी भरतात.