किलो मोआनावर चढण्याआधी

अनेक आशीर्वाद.

किलो मोआना या समुद्र-संशोधनाच्या बोटीवर जायला तुझी निवड झाल्याचं वाचून आनंद झाला. डॉल्फिन दिसतील का, असं विचारलंयस. बहुधा दिसतील. पण तुझा वेळ जाणार पाण्याचे नमुने घ्यायच्या बाटल्यांपाशी, म्हणून बाटल्यांबद्दलच लिहितो.

किलो मोआनाची मालकी अमेरिकी नौदलाची, चालवतं हवाई विद्यापीठ. पाण्याखाली तिला जुळी धडं आहेत आणि पाण्याच्या रेषेशी ती अरुंद आहे, त्यामुळे लाटा तिला कमी हलवतात. कमी म्हणजे अजिबात नाही असं नव्हे! बोट लागेल. मी देवगडचा, मलाही लागली होती. डॉक्टरांनी दिलेली गोळी बंदर सोडायच्या आधीच घे आणि पोट रिकामं ठेवू नकोस.

तुम्ही जाणार ते स्टेशन अलोहा म्हणजे भर समुद्रातली मोजमापाची एक ठरलेली जागा, हवाईतल्या ओआहू बेटाच्या उत्तरेला साधारण १०० किलोमीटरवर. तिथं बघायला काही नाही. निळं पाणी, आणि खाली पावणेपाच हजार मीटर खोली. ऑक्टोबर १९८८पासून जवळजवळ दर महिन्याला कुठली ना कुठली बोट तिथं जाते आणि तेच ते मोजते. तीनशेच्या वर फेऱ्या झाल्या. त्यातून कळलं, की वरच्या पाण्याचा पीएच वर्षाला सुमारे ०.००२ने उतरतोय, म्हणजे पाणी हळूहळू आम्लतेकडे सरकतंय. हा आकडा नीट बघ. नमुना घेताना हयगय झाली तर चूक याहून सहज मोठी होते.

सीटीडी म्हणजे पाण्याचा खारेपणा, तापमान नि खोली मोजणारं यंत्र. त्याभोवती चोवीस निस्किन बाटल्या लावलेल्या असतात, त्या उघड्या खाली जातात आणि हव्या त्या खोलीवर मिटून तिथलं पाणी वर आणतात. ३६ तास, दर तीन तासांनी, १००० मीटरपर्यंत सोडायचं नि वर घ्यायचं. दिवसरात्र. पाण्याचे थर भरती-ओहोटीबरोबर आतल्या आत वरखाली होत असतात, एकदाच मोजलं तर फसगत होते, म्हणून हा खटाटोप. दुसऱ्या रात्री तुला हे सगळं निरर्थक वाटेल. तेव्हा भांडू नकोस, चहा घे.

डेकवर आल्यावर पहिला मान ऑक्सिजनचा, कारण हवा लागली की तो नमुना गेला. नळी काचेच्या बाटलीच्या तळाशी टेकव, पाणी भरपूर ओसंडू दे, बुडबुडा दिसला तर ओतून पुन्हा भर. मग मँगनीज आणि आयोडाइडची द्रावणं घालून झाकण लाव आणि उलटसुलट हलव. आत चहाच्या गाळासारखा तपकिरी ढग उठेल. खारेपणाचा नमुना शेवटी.

आणखी एक, हे कुणी शिकवत नाही. तळापर्यंतची फेरी असेल तेव्हा तोटी उघडण्याआधी निस्किनवर तळवा ठेव. तळचं पाणी दीड अंशाचं असतं, वर येईतो थोडं तापलं तरी हाताला गारच लागतं. तळाची बाटली कोमट लागली तर ती भलत्याच खोलीवर मिटली असणार. लगेच लिही.

लिहिण्यावरून आठवलं. विद्यार्थी असताना एका दुसऱ्याच बोटीवर पहाटे तीनला एका बाटलीचं खालचं झाकण ठिबकताना मला दिसलं. प्रमुख झोपले होते, आणि कशाला उगाच, म्हणून मी नोंद केली नाही. चार महिन्यांनी त्या बाटलीचे आकडे रेषेबाहेर गेले. ती कधीपासून गळत होती ते कुणालाच सांगता येईना, तेव्हा त्या सफरीतले तिचे सगळेच नमुने बाद केले. मी तेव्हाही गप्प बसलो होतो. पुढच्या वर्षी कबूल केलं.

पेन्सिल ने. पेनची शाई खाऱ्या पाण्यात पसरते. दोन ने, एक हमखास पाण्यात पडते.