वाचकांचे प्रश्न : कर्ज देणाऱ्या छोट्या कंपनीचा शेअर

प्रश्न : जुन्या ट्रक-टेंपोंसाठी कर्ज देणाऱ्या एका छोट्या वित्त कंपनीचा नफा तीन वर्षांत दुप्पट झाला आहे. तिची थकीत कर्जे वर्षभरात ४ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आली असून शेअर नफ्याच्या नऊपट भावाने मिळतो. निवृत्तीच्या पैशांतून तो घ्यावा का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपले तिन्ही आकडे खरे धरले, तरी तेवढ्यावरून निर्णय घेऊ नये. कर्ज देणाऱ्या कंपनीचा माल म्हणजे पैसाच. तो खपतो सहज, कस लागतो तो परत आणताना. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकल्यावरच कर्ज अनुत्पादक, म्हणजे हिशेबात थकीत, ठरते, त्यामुळे नव्याने वाटलेली कर्जे सुरुवातीला निर्दोषच दिसतात. समजा, १०० कोटींच्या कर्जांपैकी ४ कोटी थकले होते आणि कंपनीने वाटप वाढवून एकूण कर्जे १६० कोटींवर नेली, तर त्या थकबाकीतला एक रुपयाही वसूल न होता तेच प्रमाण २.५ टक्के होते. म्हणून यंदाच्या थकबाकीला गेल्या वर्षीच्या एकूण कर्जांनी भागून पाहावे आणि वर्षभरात निर्लेखित केलेली, म्हणजे बुडीत धरून हिशेबातून काढून टाकलेली, रक्कमही तीत मिळवावी. ही रक्कम वार्षिक अहवालाच्या शेवटी असलेल्या टिपांमध्ये मिळते. ती पाने कंटाळवाणी असली, तरी माझ्या मते अहवालातील सर्वांत मोलाची तीच.

कंपनी स्वतः कोणाकडून आणि किती मुदतीने उसने घेते, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये पायाभूत प्रकल्पांना वित्तपुरवठा करणाऱ्या आयएल अँड एफएस समूहाने देणी थकवल्यावर अल्पमुदतीचा पैसा आटला आणि अशा पैशावर दीर्घ मुदतीची कर्जे देणाऱ्या कंपन्या अडचणीत आल्या. पुढे डीएचएफएल या गृहकर्ज देणाऱ्या कंपनीच्या दिवाळखोरी प्रक्रियेत भागधारकांच्या हाती काहीही पडले नाही. येत्या बारा महिन्यांत फेडायची देणी आणि त्याच काळात येणारे हप्ते यांचा तक्ता त्यासाठी अवश्य पाहावा.

भाव स्वस्त आहे की नाही, हे नफ्यापेक्षा पुस्तकी मूल्यावरून, म्हणजे मालमत्तेतून देणी वजा जाता उरणाऱ्या रकमेवरून, ठरवावे आणि तेही ज्या थकबाकीसाठी नफ्यातून तरतूद करून ठेवलेली नाही ती वजा करून. प्रवर्तकांचे शेअर तारण असल्यास किंवा लेखापरीक्षकाने मुदतीपूर्वी राजीनामा दिला असल्यास तो शेअर सरळ सोडून द्यावा, पुढची तपासणी करण्याचीही गरज नाही.

हे सारे समाधानकारक निघाले, तरी घरखर्च आणि औषधोपचार यांसाठी राखलेल्या रकमेला हात लावू नये.