डील साइटवरचं ‘फक्त ३ शिल्लक’ खरं असतं का? आणि घाईत कापले गेलेले पैसे परत मिळतात का?

तुम्ही लिहिलंय की मिक्सर बघताना वर दहा मिनिटांचं घड्याळ उलटं पळत होतं, खाली लाल अक्षरांत ‘फक्त ३ शिल्लक, ४१ जण आत्ता बघत आहेत’ असं होतं, आणि घाईघाईत पैसे भरल्यावर बिल उघडलं तर त्यात ९९ रुपयांची कसलीशी ‘मेंबरशिप’ बसलेली. ती तुम्ही मागितलेलीच नव्हती.

त्या ४१ जणांबद्दल मी जरा खात्रीने बोलू शकतो, कारण असे ‘जण’ मी स्वतः बनवलेले आहेत. तुमच्या साइटवरचे नव्हे, त्यांचे भाऊबंद.

मी नाशिकला छोट्या दुकानदारांच्या वेबसाइट बनवून देतो. काही वर्षांपूर्वी साड्या विकणाऱ्या एका दुकानदाराने मोठ्या साइटवरचा टायमर बघितला आणि म्हणाला, ‘आपल्याकडं पण ते घड्याळ लावा की.’ त्यासाठी तयार प्लगइन, म्हणजे वेबसाइटला जोडायचा छोटा प्रोग्राम, मिळतं, मी ते बसवलं. त्याच्या सेटिंगमध्ये दोन चौकोन होते, किमान आणि कमाल. किमानमध्ये १८ टाकले, कमालमध्ये ४५. झालं. दर काही सेकंदांनी त्या दोघांमधला एखादा आकडा पडद्यावर यायचा, ‘इतके जण ही साडी बघत आहेत’. रात्री तीन वाजता उघडा, तरी तेवढेच जण जागे. गोदामात त्या साडीचे गठ्ठे पडलेले असायचे आणि पानावर ‘फक्त ४ शिल्लक’. घड्याळ शून्यावर आलं की गुपचूप पुन्हा सुरू.

विक्री वाढली, हे नाकबूल करण्यात अर्थ नाही.

मग एके दिवशी सिडकोतल्या मावशीचा फोन आला. ‘अरे, तू केलेल्या त्या दुकानातून दोन घेतल्या बघ. बरं झालं मिळाल्या, चारच उरल्या होत्या.’ मी काय बोलणार! दुकानदाराशी बोललो तर तो म्हणाला, सगळेच करतात. पुढच्या दिवाळीपर्यंत ते घड्याळ तसंच चालू होतं आणि ते बसवल्याचे पैसे मी घेतलेले होते. त्यामुळे खालचं सगळं एका साधुपुरुषाने लिहिलंय असं समजू नका.

हे फक्त आमच्यासारख्या चिल्लर लोकांचं काम आहे असंही नाही. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये सुमारे ११,००० खरेदीच्या साइट तपासल्या. त्यात अशा युक्त्यांचे १,८१८ नमुने सापडले, आणि काही ठिकाणी तर ‘इतके जण बघत आहेत’ हा आकडा चक्क रँडम नंबरने काढलेला होता. म्हणजे माझे ते दोन चौकोनच.

ओळखायचं कसं, तर हे घड्याळ बहुतेक वेळा तुमच्याच ब्राउझरमध्ये बसलेलं असतं. तेच पान इन्कॉग्निटो खिडकीत (ब्राउझर तुमची जुनी ओळख बाजूला ठेवतो ती) किंवा घरातल्या दुसऱ्या फोनवर उघडा. सेल खरोखर रात्री बाराला संपणार असेल तर दोन्हीकडे सारखाच वेळ दिसेल. इथे चार मिनिटं उरलीत आणि तिथे पुन्हा कोरी करकरीत दहा, तर ते घड्याळ तुमच्यासाठी चावी दिलेलं खेळणं आहे. ‘फक्त ३ शिल्लक’ची परीक्षा याहून सोपी: कार्टमध्ये १० नग टाकून बघा. निमूटपणे घेतले, तर तीनचा आकडा बहुधा मालाशी जोडलेलाच नाही. (पैसे भरायच्या आधी पुन्हा १ करा. माझ्या एका मित्राने केलं नव्हतं.)

खोडलेल्या किमतीकडे तर बघूच नका. ९,९९९ वर काट मारून २,४९९ लिहायला काही लागत नाही. त्या वस्तूचा मॉडेल नंबर घेऊन इतर साइटवर शोधा आणि मेन रोडच्या एखाद्या दुकानात फोन करून विचारा. कधी कधी मॉडेल नंबर असा असतो की तो दुसरीकडे कुठेच सापडत नाही. तेव्हा तुलना करताच येत नाही, आणि असा माल मी तरी सोडून देतो.

आता कुणी म्हणेल, घाई लावणं दुकानदारीत नवीन काय आहे? खरंय. आमच्या नाशिकला गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात संध्याकाळी भाजीवालाही ओरडतोच, ‘शेवटचं शेवटचं, घेऊन टाका.’ पण तिथे त्याची पाटी आपल्याला दिसते. चार जुड्या आहेत की चाळीस, ते आपले डोळे सांगतात, आणि तो भाव उतरवतोय कारण त्याला खरंच माल परत न्यायचा नाहीये. आई तिथे एकच गोष्ट करायची. ‘राहू दे’ म्हणून चार पावलं पुढे जायची. मागून हाक यायचीच.

गंमत म्हणजे वेबसाइटवरही ती हाक येते. वस्तू कार्टमध्ये ठेवून, लॉगिन केलेलं असताना निघून जा. पुष्कळ साइट एक-दोन दिवसांत मेल किंवा मेसेज पाठवतात, ‘तुम्ही काहीतरी विसरलात’, सोबत कुपन. हेही आम्हीच बसवतो. म्हणजे ज्या घड्याळाने तुम्हाला दहा मिनिटांत संपवायला लावलं, त्याच साइटच्या दुसऱ्या कप्प्यात तुम्ही थांबलात तर द्यायची सवलत तयार असते. दर वेळी येईल असं नाही, पण मिक्सर काही दोन दिवसांनी जगातून नाहीसा होत नाही.

खरी टंचाई असते तिथे मात्र गोंधळ होतो. २०२७ च्या सिंहस्थासाठी पंचवटीत किंवा त्र्यंबकला खोली शोधणाऱ्याला ‘शेवटची १ खोली’ दिसली, तर ते खरंही असू शकतं. पण ‘२७ जण हेच हॉटेल बघत आहेत’ यातले किती जण तुमच्याच तारखेला बघत आहेत? ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने हॉटेल बुकिंगच्या साइटबद्दल नेमकी हीच हरकत घेतली होती, आणि २०१९ मध्ये सहा मोठ्या साइटनी आपली पद्धत बदलायचं कबूल केलं. अशा वेळी सरळ लॉजवर फोन लावावा. फोन उचलणारा माणूस निदान आकडे रँडम काढत नाही.

आता कायद्याचं. या सगळ्याला ‘डार्क पॅटर्न’ म्हणतात. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला त्याविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि १३ प्रकार नावानिशी सांगितले. पहिलाच प्रकार खोटी घाई, आणि त्याचं उदाहरण म्हणून ‘फक्त २ खोल्या शिल्लक, ३० जण बघत आहेत’ अशाच वाक्याचा दाखला दिलाय. तुमचे ९९ रुपये ‘बास्केट स्नीकिंग’मध्ये येतात, म्हणजे न विचारता टोपलीत काहीतरी सरकवून देणं. ‘पण तिथे टिकमार्क होती ना’ असं साइटवाले म्हणतील. ती आधीपासून केलेली असेल तर तिला संमती मानता येत नाही, हे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांतच लिहिलेलं आहे. जून २०२५ मध्ये याच प्राधिकरणाने सगळ्या साइटना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करायलाही सांगितलं. तरी तुमच्यावर हा प्रश्न विचारायची वेळ आली, म्हणजे तपासणी कशी झाली असेल ते दिसतंच आहे.

पैशांसाठी आधी साइटलाच लेखी कळवा. फोनवर नको, मेल किंवा चॅटवर. दाद दिली नाही तर १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. ते हुकूम काढू शकत नाहीत, कंपनीकडे तक्रार पाठवून पाठपुरावा करतात. पण छोट्या रकमा पुष्कळदा इथेच सुटतात, कारण ९९ रुपयांसाठी वाद वाढवणं कंपनीलाही परवडत नाही. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. कंपनी बंगळुरूची असो की गुरुग्रामची, तुम्ही राहता त्या नाशिकमध्ये तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही दाखल होते. पण खरं सांगू का, ९९ रुपयांसाठी तुम्ही तिथवर जाणार नाही, मीही जाणार नाही, आणि रक्कम ९९ ठेवण्यामागे हाच हिशेब असतो. म्हणूनच १९१५ वर तरी नोंद करा. एकाच साइटबद्दल अशा नोंदी साचल्या तर प्राधिकरण सगळ्या गिऱ्हाइकांच्या वतीने कारवाई करू शकतं.

मिक्सर आलाच नाही आणि साइटही गायब झाली, तर मात्र गोष्ट वेगळी. ती सरळ फसवणूक. तेव्हा १९१५ नाही, तर लगेच १९३० वर सायबर तक्रार करायची. तिथे प्रत्येक तास मोलाचा असतो.

तुमच्या बाबतीत सगळ्यात तातडीचं काम वेगळंच आहे. ‘मेंबरशिप’ एकदाची आहे की दर महिन्याची? यूपीआयने पैसे भरले असतील तर ॲपमध्ये ‘ऑटोपे’ किंवा ‘मॅन्डेट’ (आपोआप पैसे कापायची दिलेली परवानगी) शोधा. त्या साइटचं नाव दिसलं तर तिथूनच रद्द करा, साइटची परवानगी लागत नाही. कार्ड असेल तर बँकेच्या ॲपमध्ये बघा. असे पैसे कापण्याच्या निदान २४ तास आधी बँकेने मेसेज पाठवायचा असतो. जाहिरात समजून पुसून टाकत असाल तो मेसेज, तर यापुढे वाचा.

आणि हो, तक्रार करायच्या आधी त्या पानाचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. घड्याळ, ‘३ शिल्लक’, ती आधीच केलेली टिकमार्क, बिल, सगळं तारखेसकट. तक्रार पोचली की कुणीतरी माझ्यासारखा माणूस अर्ध्या तासात ते पान बदलतो.